उशीर कोणाचा?

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण आपण सगळेच वापरतो. पण बहुधा मागाहून वापरतो. मुलगा नावारूपाला आला की घरातले कोणी वडीलधारे म्हणते, ‘मी लहानपणीच ओळखले होते.’ तो पाळण्यात असताना त्याच्या पायांकडे खरोखर कोणी निरखून पाहिले होते का, आणि त्या पायांत काही उणे दिसले असते तर ते बोलून दाखवण्याचे धैर्य घरात कोणाला झाले असते का, हे प्रश्न म्हणीच्या कक्षेबाहेर राहतात. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

पाहणे मात्र आपल्या घरांत होते, हे मान्य केले पाहिजे. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईच्या हातांना बाळाच्या अंगाचा ताठरपणा किंवा लुळेपणा तेल चोळतानाच कळत असे. खुळखुळा वाजवला की बाळ मान वळवते की नाही, गच्चीवर चांदोबा दाखवला तर आजीच्या बोटाकडे पाहते की बोटाच्या दिशेने आकाशाकडे पाहते, जेवताना काऊ-चिऊकडे स्वतःचे बोट करते की नाही, या सगळ्या परीक्षाच होत्या. त्यांना परीक्षा हे नाव नव्हते इतकेच. आज बालविकासतज्ज्ञ ज्या खुणांना महत्त्व देतात त्यांतील दीड वर्षाच्या मुलाने बोटाने वस्तू दाखवणे ही खूण आपल्या आज्यांना ठाऊक होती. पालथे पडणे, बसणे, रांगणे, उभे राहणे यांचा क्रम तर तोंडपाठ असे. परंतु दिसलेले सांगितले जातेच असे नाही. बाळाला आपलीच दृष्ट लागेल या भयाने तीट लावणारे घर बाळाकडे बारकाईने पाहत होते, पण पाहिलेल्याचा उच्चार करण्यास भीत होते.

हे पाहणे आता शासनाचे काम झाले आहे, आणि त्यामुळे त्यातील नैतिक प्रश्न घराच्या उंबऱ्याबाहेर आला आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यातील पंचविसाव्या कलमात, धोका संभवणारी मुले ओळखण्यासाठी सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करावी, असे म्हटले होते. त्याच कलमाच्या आरंभी, आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत राहून, असा खुलासाही होता. ज्याने तीस-पस्तीस वर्षे सरकारी नस्ती हाताळल्या त्याला अशा शब्दांचे वजन समजावून सांगावे लागत नाही. २०१६ मध्ये त्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या कायद्यानेही वार्षिक तपासणीची तरतूद कायम ठेवली आणि अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. दरम्यान फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मतः असणारी व्यंगे, बालपणीचे आजार, पोषणातील उणिवा आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील तीस अवस्था जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत शोधायच्या, अशी त्याची योजना आहे. फिरत्या पथकात आयुष पद्धतीचे दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी. आणि शंका आलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणे.

या कार्यक्रमाचा आरंभ झाला तो महाराष्ट्रात, पालघर येथे. त्याच टापूत बोर्डी आणि कोसबाड आहेत. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम आरंभले आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, ही कल्पना ताराबाईंची. १९७५ मध्ये देशव्यापी योजना झाली तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द तिच्यासोबत देशभर गेला. तेलंगणातील कोणत्याही गावात तेलुगू लिपीतल्या पाटीवर तो आजही वाचता येतो. आपल्या भाषेने या प्रांताला दिलेल्या शब्दांची यादी आपण अभिमानाने सांगतो, तीत या शब्दाला क्वचितच जागा मिळते; मला तो सर्वांत वर ठेवावासा वाटतो. असो.

मूल तपासणाऱ्यांत परिचारिकेचे स्थान विशेष आहे. डॉक्टरकडे मूल आजारी पडल्यावर येते. परिचारिकेकडे ते निरोगी असताना येते. सहा, दहा आणि चौदा आठवडे, नऊ महिने, पुढे सोळा ते चोवीस महिने, या लसींच्या मुक्कामांवर ते तिच्यापुढे आईच्या मांडीवर बसलेले असते. हे अन्यत्रही ओळखले गेले आहे. अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने परिचारिकांना अधिक शिक्षण देऊन निरोगी मुलांची देखभाल त्यांच्याकडे सोपवण्याचा पहिला अभ्यासक्रम चालवला. ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा पेशा तिथून निघाला. दोनच वर्षांनी त्याच विद्यापीठात डेन्व्हरची सुप्रसिद्ध विकासचाचणी तयार झाली. आपल्याकडे लस टोचणाऱ्या सिस्टरकडे ती पदवी नसली तरी काम तेच आहे. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्रात डॉ. एम. के. सी. नायर यांनी जन्मापासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सतरा बाबींचा एक तक्ता केला. त्याचा वापर इतका साधा आहे की थक्क व्हावे. मुलाचे वय जिथे येते तिथे तक्त्यावर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या डावीकडे राहिलेली एखादी गोष्ट मुलाला येत नसेल, तर शंका घ्यायची. पाच-सात मिनिटांचे काम.

त्या पाच-सात मिनिटांत नेमके काय निष्पन्न होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. आपल्या न्यायदर्शनाने सोळा पदार्थांमध्ये ‘संशय’ आणि ‘निर्णय’ हे दोन वेगळे मानले. संशय हा दोष नव्हे. विचाराला आरंभच त्याच्यापासून होतो. पण तो निर्णय नव्हे. परिचारिकेची पेन्सिल संशय देते, निर्णय देत नाही. चाळणीत वर उरते ते सगळे खडे नसतात आणि खाली पडते ते सगळे निर्मळ पीठ नसते, हे रोज पीठ चाळणाऱ्या गृहिणीला सांगावे लागत नाही. स्क्रीनिंग या शब्दाचा एक अर्थ चाळणे असाही आहे. आपल्या समाजात मात्र दवाखान्यातून आलेला संशय घरी पोहोचेपर्यंत निर्णय होतो आणि शेजारी पोहोचेपर्यंत निकालपत्र. ‘पुन्हा एकदा दाखवून घ्या’ या वाक्याचे ‘मुलात काहीतरी आहे म्हणे’ असे रूपांतर व्हायला एक जिना पुरतो.

शिवाय ती पेन्सिल जिथे धरायची ती रेषा काही निसर्गाने आखलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यांत भारतही होता, निरोगी मुलांचे निरीक्षण करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराविना चालण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. म्हणजे एका घरात नवव्या महिन्यात चालणारे आणि शेजारच्या घरात सतराव्या महिन्यात चालणारे, दोन्ही बाळे ठणठणीत. शंभरांतली सुमारे चार मुले हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि त्यांचेही काही अडले नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपली यादी सुधारली. आधी निम्मी मुले जे करतात ते त्या वयाला लिहिले जाई, आता चारपैकी तीन मुले करतात ते लिहिले जाते. रांगणे तर त्यांनी यादीतून काढूनच टाकले. आपल्या आज्यांना हे मुळीच पटले नसते. सांगायचे इतकेच, की उशीर कशाला म्हणावे हे माणसांनी ठरवलेले आहे आणि माणसे ते बदलतात. ठरवले जाते म्हणून ते खोटे नव्हे. मतदानाचे वयही आपणच ठरवतो आणि ते पाळतोही. पण ठरवलेल्या रेषेच्या जोरावर एखाद्या आईची झोप उडवताना हात थोडा हलका असावा.

जाणत्यांमध्येही या बाबतीत मतभेद आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्था नवव्या, अठराव्या आणि तिसाव्या महिन्यात प्रत्येक मुलाची प्रमाणित चाचणी करावी असे सांगते. शेजारच्या कॅनडातील तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये नेमके उलटे सांगितले: ज्या मुलाविषयी ना आईबापांना काळजी आहे ना डॉक्टरला, अशा एक ते चार वर्षांच्या मुलांची सरसकट चाचणी करू नये. लाभाचा भक्कम पुरावा त्यांना दिसला नाही. मुलांकडे पाहूच नका, असे मात्र त्यांनी म्हटले नाही. काळजी दिसेल तिथे लगेच तपासा, असेच म्हटले.

या वादाच्या मुळाशी जो नैतिक प्रश्न आहे तो जुना आहे. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी ब्रिटनचे विल्सन आणि स्वीडनचे युंगनर यांनी, न मागता लोकांची तपासणी केव्हा करावी, याची दहा तत्त्वे लिहिली. जे शोधायचे त्यावर मान्य उपचार असावा, निदानाची व उपचाराची सोय उपलब्ध असावी, आणि शोध एकदा करून सोडून देण्याचा नसावा, ही त्यांतील काही. वरवर पाहता हे व्यवस्थापनाचे नियम वाटतात. मला त्यांत धर्मशास्त्र दिसते. आजारी माणूस वैद्याकडे स्वतः जातो तेव्हा वैद्य यथाशक्ती करीन एवढेच म्हणू शकतो. पण जो न बोलावता दुसऱ्याच्या दारी जाऊन ‘तुमच्या मुलाकडे जरा पाहू द्या’ म्हणतो, तो आपल्या पाहण्याने एक ऋण अंगावर घेतो. आईने तुम्हाला बोलावले नव्हते. तिच्या मनात संशय तुम्ही पेरलात. आता पुढचा रस्ता दाखवल्याशिवाय तुम्हाला निघून जाता येत नाही.

नोकरीच्या काळात जिल्हापातळीवरील आढाव्याच्या बैठकांना मी बसत असे. एका जिल्ह्यातील तक्ता मला चांगला आठवतो. पहिल्या रकान्यात तपासलेली मुले, दुसऱ्यात शंका आलेली, तिसऱ्यात पुढे पाठवलेली. चौथा रकाना नव्हता. पाठवलेल्यांपैकी पोहोचली किती, पोहोचलेल्यांपैकी परत दुसऱ्यांदा गेली किती, हे विचारण्याची जागाच कागदावर नव्हती. पहिला रकाना जितका मोठा तितके काम चांगले, असा संकेत होता. त्या पथकातील माणसे कामचुकार नव्हती. उन्हातान्हात फिरून ती आकडे आणत. पण ज्या बापाची दोन दिवसांची मजुरी बुडणार, ज्या आईला दुसरे तान्हे घरी ठेवून दोन बस बदलून जिल्ह्याला जायचे, तिच्या हाती ‘पुढे दाखवा’ अशी चिठ्ठी देणे आणि तिला रस्ता देणे यांत पुष्कळ अंतर आहे. ते अंतर मोजले जात नव्हते.

पाहिलेल्याचे ऋण मानणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण आपल्या शहरातच उभे आहे. निजामाच्या घराण्यातील राजकन्या निलोफर यांच्या एका दासीचा बाळंतपणात मृत्यू झाला. तो पाहून त्या हळहळल्या आणि थांबल्या नाहीत. लाल टेकडीजवळचे निलोफर इस्पितळ त्यांच्या प्रयत्नांतून १९५३ साली उभे राहिले. राजकन्येच्या हाती जे असते ते आरोग्यकेंद्रातील सिस्टरच्या हाती नसते, हे उघड आहे. म्हणूनच सिस्टरच्या प्रश्नाचे ऋण तिच्या एकटीचे नाही. तिला हातात तक्ता देऊन पाठवणाऱ्या शासनाचे ते आहे. तिने पाठवलेल्या मुलाला पुढे वाचोपचार, व्यायाम किंवा श्रवणयंत्र मिळाले नाही, तर आई येऊन शिव्या देते ती सिस्टरला, आदेश काढणाऱ्या कार्यालयाला नव्हे.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग नकोच ते पाहणे. पुढची सोय होईपर्यंत गप्प बसणेच बरे. या तर्काला मी मुळीच मान्यता देत नाही, कारण गप्प बसण्याचीही किंमत कोणीतरी मोजत असतेच आणि बहुधा ती मूल मोजते. काचीगुड्यातील माझ्या परिचयाच्या एका घरातला नातू दोन वर्षांचा होत आला तरी बोलत नव्हता. घरात प्रत्येकाकडे एक दाखला तयार होता. त्याचा मामा चौथ्या वर्षी बोलला, मुलगे उशिराच बोलतात, बोलेल हळूहळू. आई काही म्हणत नसे. लसीच्या दिवशी सिस्टरने सुई हाती घेण्यापूर्वी तिला एवढेच विचारले, ‘तो पाठमोरा असताना हाक मारली तर वळतो का?’ आई रडू लागली. गेले वर्षभर स्वयंपाकघरातून ती त्याच्या पाठीमागे हळूच टाळ्या वाजवून पाहत होती आणि कोणाला सांगत नव्हती. मुलाला ऐकू येत नव्हते.

श्रवणदोषाच्या बाबतीत काळाचा हिशेब कठोर आहे. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाययोजना, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. कारण भाषेसाठी मेंदूची दारे ज्या काळात सताड उघडी असतात तो काळ परत येत नाही. उपचार दुर्मीळ नाहीत. अविभाजित आंध्रात २००७ मध्ये आलेल्या आरोग्यश्री योजनेत लहान मुलांच्या कॉक्लिअर रोपणासारख्या महागड्या शस्त्रक्रियेचाही समावेश होता. म्हणजे पैशाचा रस्ता होता, इस्पितळ होते, शल्यचिकित्सक होते. त्या घरात नव्हता तो फक्त पहिला प्रश्न. डॉक्टर मंडळी याला मुलाचा ‘विकासविलंब’ म्हणतात. मला विचाराल तर आईच्या मनात पहिली शंका येणे आणि कोणीतरी तिला पहिला प्रश्न विचारणे, या दोहोंमध्ये जे वर्ष गेले तो विलंब मुलाचा नव्हता.

येथे मला या विषयाचे मर्म दिसते. पडताळणीचे खरे मोल मुलाच्या परीक्षेत जितके आहे, त्याहून अधिक आईला बोलण्याची मुभा मिळण्यात आहे. आपल्या एकत्र कुटुंबांत सून ही मुलाविषयीची शंका शेवटी उच्चारणारी व्यक्ती असते, कारण मुलातले उणे तिच्या माहेरच्या खाती जमा होते. बाहेरून आलेली, पांढऱ्या वेषातली, कोणाच्याच बाजूची नसलेली बाई जेव्हा सरळ तिच्याकडे पाहून विचारते की तुम्हाला बाळाविषयी काही काळजी वाटते का, तेव्हा घरातील मौनाची व्यवस्था क्षणभर सैल होते. तुर्कस्तानात अंकारा येथे डॉ. इल्गी एर्टेम यांनी विकासनिरीक्षणाची जी पद्धत तयार केली तिचा आरंभच असा आहे. मुलाला ठोकळे देण्याआधी आईला मोकळे प्रश्न विचारायचे: काळजी वाटते का, बाळाला काय हवे ते ते तुम्हाला कसे कळवते, तुमचे म्हणणे त्याला कितपत समजते. चार देशांतील मुलांवर या पद्धतीचा अभ्यास झाला. त्यांत भारत होता, आणि मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये स्थापन केलेल्या ‘उम्मीद’ या बालविकास केंद्राचा त्यात वाटा होता. पेन्सिलीची रेषा आणि हा प्रश्न यांतून एकच निवडा असे कोणी म्हणाले, तर मी प्रश्न निवडेन. सुदैवाने तशी सक्ती नाही.

काही मुलांच्या बाबतीत प्रश्नाअंती उपचाराने पुसले जाईल असे काही सापडत नाही. बुद्धीची मंदगती, स्वमग्नता, डाऊन सिंड्रोम ही आजाराची नावे नसून माणसाच्या घडणीची नावे आहेत. इथे लवकर कळून काय साधले, असा प्रश्न हताश बाप विचारतो. मूल बदलणार नसले तरी त्याच्या आसपासचे सगळे बदलू शकते, हे त्याचे उत्तर आहे. मार थांबतो. ‘मुद्दाम करतो’ हा आरोप थांबतो. जे दहा वेळा दाखवून येते ते चाळीस वेळा दाखवले जाते. सिकंदराबादला मनोविकास नगरात १९८४ साली केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आली, ती नेमकी याच कामासाठी. तिच्या मूळ नावात मानसिक अपंगत्व हा शब्द होता; पुढे नाव बदलून त्यात सक्षमीकरण आले. शब्द बदलून वस्तू बदलत नाही, हे मला मान्य आहे. पण ‘वेडा’, ‘मंद’, ‘मतिमंद’ या चढणीवरून आपली मराठीही अडखळत आली आहे, आणि घरातली भीती बरीचशी या शब्दांची असते. सिस्टरने पहिल्याच भेटीत कोणतेही नाव उच्चारू नये, ते यासाठी. नाव देणे हा निर्णय झाला. तिचे काम संशयाचे आहे.

आता आपल्या घरांकडे वळतो, कारण हैदराबादच्या मराठी मुलाचा प्रश्न तिरुवनंतपुरमच्या किंवा डेन्व्हरच्या तक्त्यात बसत नाही. आपल्या घरातले दोन वर्षांचे मूल आजीकडून मराठी ऐकते, कामवाल्या अम्माकडून तेलुगू, जिन्याखालच्या दुकानात दखनी आणि दूरदर्शन संचावर इंग्रजी. दखनीतला ‘नक्को’ हा मुळात आपलाच ‘नको’. मूल तो ठसक्यात म्हणते तेव्हा तो कोणत्या भाषेच्या खात्यात टाकायचा? दोन वर्षांच्या वयाला दोन शब्द जोडून बोलणे ही सर्वमान्य खूण आहे. मूल ‘पालु दे’ म्हणाले, तर दूध तेलुगूतले आणि मागणी मराठीतली. हे दोन शब्दांचे पूर्ण, निर्दोष वाक्य आहे. पण मराठी न जाणणाऱ्या सिस्टरला त्यातला एकच शब्द ऐकू येतो, आणि पेन्सिलीच्या डावीकडे एक फुली पडते.

कोठीच्या मागे राहणाऱ्या, चार पिढ्या या शहरात काढलेल्या एका कुटुंबाची हकीकत सांगण्याजोगी आहे. अडीच वर्षांच्या नातीला एका शिशुवर्गात नेले. तिथे तिला इंग्रजीत विचारले, मग तेलुगूत. ती गप्प राहिली. बोलण्यात मागे आहे असा शेरा मिळाला आणि घरात एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी, असा सल्ला. तरुण आईबापांनी तो निष्ठेने पाळला. आजीला इंग्रजी येत नव्हते. त्या घरात एक भाषा कमी झाली असे बाहेरून दिसले. आत मात्र एक माणूस मुलीशी बोलायचे थांबले. आजी नातीला न्हाऊ घाली, भरवी, आणि हसून मान हलवी. गोष्टी बंद झाल्या. काही महिन्यांत मुलगी घडाघडा बोलू लागली, जशी ती एरवीही लागलीच असती, आणि सल्ल्याचा गुण आला असे सर्वांनी मानले. मराठी त्या घरात परतली नाही.

तो सल्ला शास्त्राला धरून नव्हता. दोन भाषा कानांवर पडल्याने वाणीला विलंब होतो या समजुतीला संशोधनाने दुजोरा दिलेला नाही. अशा मुलाचे शब्द एकाच भाषेत मोजले तर कमी भरतात; सगळ्या भाषांतले मिळून मोजले तर इतर मुलांच्या बरोबरीचे भरतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या बाबतीतही दुसऱ्या भाषेने नुकसान होते असे आढळलेले नाही. ज्याची वाणी खरोखरच मंद आहे त्या मुलाशी प्रेमाने बोलणारे एक माणूस कमी करणे, हा उपाय कोणत्या वैद्यकात बसतो हे मला उमगत नाही. आपण ग्रंथालये राखली, व्याख्यानमाला चालवल्या, १९०७ साली विवेक वर्धिनी काढणाऱ्यांचे स्मरण दरवर्षी करतो. आणि भाषा अशा एका चिठ्ठीवर घराबाहेर जाते.

परंतु याचा दोष तेलुगू सिस्टरला देणे अन्यायाचे होईल. तिने मराठी शिकावी ही अपेक्षा कोण करणार? सेतुमाधवराव पगडींसारखा अधिकारी आदिलाबादला जाऊन गोंडी शिकतो, ते पिढीतून एखाद्याच्या हातून होते. आदिलाबादच्या गोंड किंवा कोलाम आईपुढे, किंवा जुन्या शहरातल्या उर्दू बोलणाऱ्या आईपुढे तीच सिस्टर बसलेली असते. आपला प्रश्न त्यांच्याहून वेगळा नाही, सौम्यच आहे. २०१८ मध्ये शहरात बस्ती दवाखाने सुरू झाले तेव्हापासून ती निदान चालत जाण्याच्या अंतरावर आली आहे. तिला भाषांतरकार हवा असतो आणि तो बहुधा समोरच बाकावर बसलेला असतो. सिस्टरने प्रश्न तेलुगूत आजीला सांगायचा, चार पिढ्यांच्या वास्तव्याने आजीला तेवढी तेलुगू येतेच. आजीने तो मराठीत मुलाला विचारायचा, ‘चेंडू कुठे आहे, दाखव पाहू’. आणि मूल काय करते ते दोघींनी मिळून पाहायचे. हे सुई टोचण्याच्या आधी करायचे, नंतर नव्हे, कारण रडणारे मूल कोणत्याच भाषेत उत्तर देत नाही. यासाठी वेगळा निधी लागत नाही, शासननिर्णय लागत नाही. रांगेतल्या प्रत्येक मुलामागे चार-पाच मिनिटे अधिक लागतात. सिस्टरपुढे त्या सकाळी तीस-चाळीस मुले असतात, आणि ती मिनिटे तिला कोणाच्या वेळातून काढून द्यायची, हे अजून कोणी ठरवलेले नाही.